खुब्याचा सांधा बदलताना



तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने हाडांवर बोलायला उभं राहावं हे जरा विचित्र आहे. आयोजकांनाही तसं वाटलं होतं. त्यांनी हळूच विचारलं, "सर, एखादे डॉक्टरच बोलावू या का?" आम्ही म्हटलं, जरूर बोलवा आणि त्यांचं ऐकाच. पण डॉक्टर खुब्याकडे बाहेरून बघतात आणि आम्ही गेली तीन वर्षं आतून बघतो आहोत. दोन्ही बघणी लागतात. शिवाय आत्ता पहिल्या दोन रांगांमध्ये आम्हाला सहा काठ्या दिसताहेत, तेव्हा विषय अगदीच चुकलेला नाही.

एक खुलासा आधीच करतो. आमच्या नावामागे 'डॉ.' आहे तो पीएच.डी.चा. रुग्णालयाच्या फाइलवर तो तसाच छापला गेला आणि एका तरुण निवासी डॉक्टरने मोठ्या आदराने विचारलं, "सर, तुमची ब्रँच कोणती?" आम्ही म्हटलं, ज्ञानमीमांसा. तो बिचारा गप्प झाला. तर आम्ही आज सांगतो आहोत ते समजून घेण्यासाठी आहे. औषध, व्यायाम, कधी काय करायचं, हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलंच धरायचं.

आता पहिला प्रश्न. खुबा कुठे असतो? हात लावून दाखवा पाहू. बघा, बहुतेकांचा हात कमरेच्या बाजूला गेला, काहींचा मागे गेला. बाजूला जे टणक हाड हाताला लागतं तो मांडीच्या हाडाचा वरचा बाहेरचा उंचवटा. खरा सांधा त्याच्या आत, जवळजवळ जांघेच्या मागे आहे. म्हणून खुब्याचं दुखणं बहुधा जांघेत जाणवतं. आणि गंमत म्हणजे पुष्कळदा ते गुडघ्यात जाणवतं. खुब्याला आणि गुडघ्याला जाणाऱ्या काही नसा एकच असल्यामुळे मेंदूची पत्त्यात गफलत होते.

आमचं तेच झालं. उजवा गुडघा दुखायला लागला. तीन महिने गुडघ्यावर शेक, गुडघ्याला पट्टा, गुडघ्याला तेल. एका ठिकाणी गुडघ्यात इंजेक्शन घेण्यापर्यंत मजल गेली होती. मग आमच्या भाचीने, ती फिजिओथेरपी शिकते, एक दिवस आम्हाला पाठीवर झोपवलं, पाय गुडघ्यात वाकवून आतल्या बाजूला वळवला आणि आम्ही ओरडलो. ती म्हणाली, "मामा, गुडघा ठीक आहे. खुब्याचा फोटो काढा." तोवर कुणी तो काढलाच नव्हता, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. जिथे दुखतं तिथेच कारण असणार, हा न्याय आम्ही चाळीस वर्षं वर्गात खोडून काढत आलो. स्वतःच्या पायाबद्दल मात्र निमूट मान्य केला.

सांधा कसा आहे ते आता थोडक्यात. शाळेत आपण उखळीचा सांधा शिकलो. ओटीपोटाच्या हाडात एक खोलगट वाटी, आणि मांडीच्या हाडाच्या टोकाला एक गोळा. दोहोंवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर. गोळा आणि मांडीचं सरळ हाड यांना जोडणारी एक तिरकी मान असते. गोळ्याला रक्त मिळतं ते मुख्यतः या मानेवरून वर चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांमधून. ही एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचं बरंच तिच्यावर अवलंबून आहे. मान मोडली की गोळ्याचं रक्त तुटतं. आणि मान न मोडताही, दुसऱ्या काही कारणाने रक्त तुटलं, तर गोळा आतून मरतो, पोकळ होतो आणि खचतो. त्याला एव्हीएन म्हणतात. पाश्चात्त्य देशांत खुबा बदलण्याचं मुख्य कारण वयानुसार झालेली झीज हे आहे. आपल्याकडे झिजतात ते अधिक करून गुडघे. खुबा बदलणाऱ्यांमध्ये एव्हीएनचा वाटा आपल्याकडे मोठा आहे, आणि त्यात तिशी-चाळिशीतली माणसंही असतात. दारू हे एक कारण. सिकलसेल हे दुसरं, नंदुरबार, गडचिरोलीकडच्या आदिवासी भागातल्या तरुण मुलांमध्ये ते दिसतं. तिसरं कारण स्टिरॉइड.

आमचं हे तिसरं. २०२१ च्या एप्रिलमध्ये आम्हाला कोविड झाला. ते दिवस पुण्याने कसे काढले ते तुम्हाला सांगायला नको. बेड मिळाला, ऑक्सिजन मिळाला, स्टिरॉइडही मिळालं, आणि आम्ही घरी आलो. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं होतं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये डेक्सामेथासोनमुळे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. म्हणजे त्या औषधाविषयी आमची तक्रार नाही. तक्रार करायला आम्ही उरलो, हेच त्याचं श्रेय. पण २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी कोविडनंतर एव्हीएन झालेल्या तीन रुग्णांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. लक्षणं कोविडनंतर सरासरी दोनेक महिन्यांतच सुरू झाली होती, एरवी लागतो त्यापेक्षा फार लवकर. त्यांचं म्हणणं असं की लवकर ओळखलं तर औषधांनी गोळा वाचवता येऊ शकतो. लवकर म्हणजे एमआरआय. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीला काहीच दिसत नाही. आमचा दिसला तेव्हा गोळा खचलेला होता. ते तीन महिने गुडघ्याला तेल लावण्यात गेले नसते तर काय झालं असतं, हा विचार आम्ही आता करत नाही. पूर्वी करायचो.

मोडलेल्या खुब्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण घरोघरी ते माहीत आहे. आमची एक आत्या होती. नारायण पेठेतल्या वाड्यात राहायची. १९६४-६५ ची गोष्ट असेल. संडास चौकाच्या पलीकडे, पावसाळ्यात फरशी निसरडी. ती पडली आणि 'खुब्यात मोडलं'. त्या काळी याचा अर्थ सगळ्यांना कळायचा. तिला माजघरात खाटेवर ठेवलं, पायाला दोरी बांधून खाटेच्या टोकावरून विटा लोंबत सोडल्या. आम्हा मुलांना सक्त ताकीद होती, विटांना हात लावायचा नाही. ती खाट सोडून परत उठली नाही. आधी पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ, आणि चौथ्या महिन्यात गेली. हाड मोडण्याने कोणी मरत नाही, पडून राहण्याने मरतं, हे आम्हाला फार उशिरा समजलं. आज म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला तर शक्य तो एक-दोन दिवसांत ऑपरेशन करा असं डॉक्टर घाई करतात ती यासाठी. "एवढ्या वयात कशाला ऑपरेशन?" असं नातेवाईक विचारतात. एवढं वय आहे, म्हणूनच. मोडल्यावर काही वेळा फक्त गोळा बदलतात, वाटी मूळचीच ठेवतात. काही वेळा दोन्ही बदलतात. ते वय, हालचाल आणि वाटीची स्थिती बघून ठरतं.

ही शस्त्रक्रिया आली कुठून? ऋग्वेदात विश्पला नावाच्या स्त्रीला अश्विनीकुमारांनी लोखंडी पाय बसवून दिल्याचा उल्लेख आहे. तेवढ्यावरून आपल्याकडे सगळं होतंच, असा निष्कर्ष कृपया काढू नये. इच्छा फार जुनी होती, इतकंच त्यावरून सिद्ध होतं. हस्तिदंताचे सांधे करून बघणारा पहिला सर्जन जर्मनीतला, थेमिस्टोक्लिस ग्लुक, १८९१ च्या सुमारास. आणि आपल्या शेजारी ब्रह्मदेशात, मंडाले इथे, डॉ. सान बॉ यांनी १९६० पासून पुढे कित्येक वर्षं मोडलेल्या खुब्यांमध्ये हस्तिदंताचे गोळे बसवले, तीनशेहून जास्त. त्यांचे रुग्ण चालत, उकिडवे बसत. हत्तीचा दात माणसाच्या खुब्यात! पण तिथे हत्ती होते आणि परदेशी धातू परवडत नव्हता. ज्याच्या घरी जे आहे त्यातून तो मार्ग काढतो.

आज आपल्याला बसवतात ती पद्धत मात्र इंग्लंडमधल्या जॉन चार्नली यांची. हा माणूस हट्टी होता. त्यांनी ठरवलं, सगळा प्रश्न घर्षणाचा आहे. म्हणून धातूचा लहान गोळा आणि टेफ्लॉनची वाटी. १९५८ च्या सुमारास सुरुवात केली. रुग्ण चालायला लागले, सगळे खूश. आणि दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजून त्याच्या भुकटीने सांध्याभोवती सूज यायला लागली. जवळपास तीनशे रुग्ण. एक-एकाला परत बोलावून चार्नलींनी स्वतः पुन्हा ऑपरेशनं केली. दुसरा पदार्थ, जास्त घनतेचं पॉलिथिलीन, त्यांच्या प्रयोगशाळेतल्या हॅरी क्रेव्हन या तंत्रज्ञाने हट्टाने तपासून बघितलं, चार्नलींनी आधी ते नाकारलं होतं तरीही. मग चार्नलींनी तो पदार्थ आणि टेफ्लॉन दोन्हींचे कण आपल्याच मांडीत टोचून घेतले आणि वाट पाहिली. टेफ्लॉनची गाठ झाली, पॉलिथिलीनची झाली नाही. नोव्हेंबर १९६२ पासून ते वापरायला लागले. 'लॅन्सेट'ने २००७ मध्ये या ऑपरेशनला शतकातलं ऑपरेशन म्हटलं.

आम्हाला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते पॉलिथिलीन नव्हे, त्या तीनशे जणांना परत बोलावणं. कारण आता जी गोष्ट सांगायची आहे तिच्यात नेमकं हेच घडलं नाही.

२००० नंतरच्या दशकात धातूवर धातू घासणारे सांधे पुन्हा आले. मोठा गोळा, म्हणजे सहज निखळणार नाही. तरुण, हालचाल करणाऱ्या माणसाला चांगला, असं सांगत ते विकले गेले. त्यांपैकी एक म्हणजे डीप्यू या कंपनीचा एएसआर सांधा. डीप्यू ही जॉन्सन अँड जॉन्सनची उपकंपनी. जगभरात सुमारे ९३ हजार बसवले गेले, भारतात सुमारे ४,७००. वाटीची घडण सदोष होती. धातू झिजून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरायचं, सांध्याभोवतीचं मांस खराब व्हायचं. हे प्रथम लक्षात आलं ते ऑस्ट्रेलियात, कारण तिथे १९९९ पासून सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे. कोणाला, कधी, कोणता सांधा बसवला आणि तो किती वर्षांनी बदलावा लागला, सगळं तिथे लिहिलं जातं. डिसेंबर २००९ मध्ये तिथल्या बाजारातून तो काढला. ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला.

आणि आपल्याकडे? आपल्या महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रकरण लावून धरलं, पोलिसात तक्रारही दिली. हे आपल्या राज्याच्या बाजूने नोंदवून ठेवू या. पण केंद्राची तज्ज्ञ समिती डॉ. अरुणकुमार अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली ती २०१७ मध्ये. तिचा अहवाल २०१८ चा. त्यात निघालं की साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागत नाही. ही माणसं कुठे आहेत, जिवंत आहेत की नाहीत, त्यांचा पाय का दुखतो हे त्यांना तरी माहीत आहे का, कशाचाच पत्ता नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये भरपाईचं सूत्र ठरलं, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. ज्याला आपल्या खुब्यात काय आहे हेच ठाऊक नाही, तो भरपाई मागणार कशी?

म्हणून एक अगदी व्यावहारिक गोष्ट. सांध्याच्या प्रत्येक भागाच्या डब्यावर चिकटपट्टी असते, स्टिकर. त्यावर कंपनी, प्रकार, आकार, क्रमांक. ऑपरेशननंतर ते स्टिकर तुमच्या कागदपत्रांत लावले आहेत ना, हे घरी जाण्याआधी बघा. नसतील तर मागा. लाजू नका. आम्ही मागितले तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, त्याचं काय करणार?" आम्ही म्हटलं, जपून ठेवणार. आधार कार्ड जपतोस ना, तसं. आमच्या देव्हाऱ्याखालच्या खणात विमा, मृत्युपत्र आणि खुब्याचे चार स्टिकर एकत्र आहेत. मुलाला दाखवून ठेवलं आहे.

आता प्रत्यक्ष ऑपरेशन. मणक्यातून भूल दिली, कमरेखाली सगळं बधिर. झोपेचं औषधही देतात, पण आम्ही थोडे जागे होतो. आतमध्ये दुखत काहीच नाही, मात्र आवाज येतात. करवत, मग हातोडी. सुताराच्या दुकानाबाहेर बसल्यासारखं वाटतं. मान कापून खराब गोळा काढतात. वाटी खरवडून अर्धगोल करतात आणि त्यात धातूची वाटी घट्ट ठोकून बसवतात, तिच्या आत पॉलिथिलीनचं अस्तर. मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा, दांड्यावर धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा. दांडा काही वेळा एका प्रकारच्या सिमेंटने बसवतात. नाहीतर त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि काही आठवड्यांत-महिन्यांत आपलंच हाड त्यात शिरून त्याला धरतं. हे आम्हाला फार आवडलं. धातूला हाड आपलंसं करतं. दीड तासात आम्ही बाहेर.

त्याआधीच्या दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. साखर आटोक्यात आणून ठेवा आणि दात तपासून घ्या. किडक्या दातातला जंतू रक्तातून नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतो, आणि तिथून त्याला हुसकणं महाकठीण.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. ऑपरेशनच्या आधी आमच्या सर्जननी विचारलं, "सर, तुम्हाला परत काय काय करायचं आहे?" आम्ही गडबडलो. दुखणं थांबवा, एवढंच मनात होतं. मग घरी येऊन यादी केली. तळजाईवर चालणं. स्कूटर. जिना, कारण आमची सोसायटी जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आणि मांडी घालून बसणं.

या शेवटच्या गोष्टीवर आम्ही अडकलो. विलायतेतल्या माणसाचं आयुष्य खुर्चीवर चालतं, आपलं अजूनही पुष्कळसं जमिनीवर. पंगत, पूजा, श्राद्ध, गाण्याची मैफल, नातवंडांचा पत्त्यांचा डाव. नवा खुबा खोल वाकला आणि त्याच वेळी आत वळला की मागच्या बाजूने निखळू शकतो. आपल्याकडच्या सर्जननाही हा प्रश्न नवा नाही. पुण्याच्याच डॉ. कांतिलाल संचेती यांनी 'इंडस' नावाचा भारतीय बनावटीचा कृत्रिम गुडघा तयार केला, तो आपल्या माणसांचा विचार करूनच. खुब्याचंही असं आहे की मांडी घालताना पाय बाहेर वळतो, त्यामुळे काही महिन्यांनी काही जणांना परवानगी मिळते; उकिडवं बसणं वेगळं, ते जास्त धोक्याचं. हे माणसागणिक आणि सांध्यागणिक बदलतं. आमच्या सर्जननी स्पष्ट सांगितलं, "तुमच्या हाडांची घडण बघता मी तुम्हाला जमिनीवर बसा असं म्हणणार नाही." आम्ही ते स्वीकारून सही केली. पण आधी विचारलं, म्हणून स्वीकारता आलं. नंतर कळलं असतं तर फसवल्यासारखं वाटलं असतं. ऑपरेशनला संमती देणं म्हणजे कागदावर सही करणं नव्हे; काय मिळणार आणि काय जाणार, दोन्ही समजून घेऊन हो म्हणणं. त्या वर्षी पितृपक्षात गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "खुर्चीवर बसा हो, वडील रागावणार नाहीत." बसलो. पाट रिकामा समोर होता. तेवढं एक अजूनही खटकतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उभं केलं. वॉकर धरून चार पावलं. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून इंजेक्शनं, आणि पडल्या पडल्या घोटे वरखाली करायचे, तासाला दहा-वीस वेळा. चौथ्या दिवशी घरी.

घराची तयारी आधी करून ठेवा, हे आवर्जून सांगतो. नियम असा की खुब्याचा कोन काटकोनापेक्षा जास्त वाकायला नको, पायावर पाय नको, पंजा आत वळायला नको. आमच्या बाबतीत हे बारा आठवडे होतं. शस्त्रक्रिया मागून केली की पुढून यावरही नियम बदलतात, आणि हल्ली काही सर्जन बरीच ढील देतात. पण नियम वाचताना सोपा वाटतो, घरात शिरल्यावर कळतं की सगळं घर त्याच्या विरुद्ध कट करून बसलं आहे. खोलगट सोफा बाद. कमोड बुटका, त्यावर उंची वाढवणारी बैठक. आंघोळीचा पाट बाद, उंच स्टूल आलं. दुधाची पिशवी आणि 'सकाळ' दारात जमिनीवर पडतात ते उचलायचे नाहीत. दाराला पिशवी अडकवली. मोजे घालता येत नाहीत, नखं कापता येत नाहीत. पन्नास वर्षांच्या संसारात पहिल्यांदा आमच्या पत्नीने आमच्या पायाची नखं कापली आणि दोघांनाही संकोच वाटला. झोपताना दोन पायांत उशी. वाकून नमस्कार करायचा नाही. हा नियम एका लग्नात मोडता मोडता राहिला, मावशी नव्वदीच्या, हात आपोआप खाली जायला लागले. त्यांनीच ओरडून थांबवलं.

जिन्याचं सूत्र पाठ करा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. तिसरा मजला आम्ही या एका वाक्यावर चढलो.

आणि काठी. पहिल्या रांगेतल्यांनो, तुमच्यापैकी निदान दोघांनी ती चुकीच्या हातात धरली आहे. दुखऱ्या पायाच्या बाजूला नाही, उलट हातात धरायची. कारण असं. एका पायावर उभं राहताना शरीराचा भार खुब्याच्या आतल्या बाजूला पडतो आणि बाहेरच्या बाजूचा एक स्नायू खेचून धरून आपल्याला तिरपं होऊ देत नाही. तरफेसारखं आहे हे, आणि स्नायूची बाजू आखूड, म्हणून त्याला पुष्कळ जोर लावावा लागतो. दोन्ही मिळून सांध्यावर वजनाच्या अडीच-तीनपट दाब येतो. बर्लिनमध्ये दाब मोजणारे सांधेच रुग्णांना बसवून हे बघितलं गेलं. अडखळलं की तो दाब एका रुग्णात आठपटींच्याही वर गेला होता. उलट हातातल्या काठीने दिलेला थोडासा रेटा लांबच्या अंतरावरून काम करतो आणि त्या स्नायूचा बोजा एकदम हलका होतो. घरी जाऊन करून बघा.

तो बाहेरचा स्नायू दुबळा असला की माणूस डुलत चालतो. सहा आठवड्यांनंतर आम्ही तसे डुलत होतो. वेदना गेली होती, अगदी पूर्ण, तरी चालणं लंगडंच. आम्हाला वाटलं ऑपरेशन फसलं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उदास वाटायचं तेही कोणी आधी सांगितलं नव्हतं. फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी यायची. आम्ही प्रत्येक पाऊल विचार करून टाकायचो: टाच, तळवा, अंगठा. ती वैतागून म्हणाली, "काका, तुम्ही फार विचार करता. आरशात बघा आणि चाला." गिल्बर्ट राईल यांनी १९४९ मध्ये एक भेद सांगितला, एखादी गोष्ट अशी आहे हे माहीत असणं आणि ती करता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही तो तीस वर्षं शिकवला, उदाहरण म्हणून पोहणं द्यायचो. पुस्तक वाचून कोणी पोहत नाही, वगैरे. आणि इथे आम्ही फिजिओथेरपीची पुस्तिका अधोरेखित करून वाचत होतो आणि कुशीवर झोपून पाय उचलायचा कंटाळा करत होतो. दिवसाला तीन वेळा, दहा-दहा वेळा. कंटाळवाणं आहे. पण लंगडणं गेलं ते त्यानेच, पाच महिन्यांनी.

घरी असताना काय झालं तर थांबायचं नाही, तेही ऐका. पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला किंवा छातीत दुखलं, जखमेतून पू किंवा पाणी आलं, ताप आला, किंवा अचानक कळ येऊन पाय आखूड वाटायला लागला आणि टेकवेना: त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. सकाळी बघू, असं म्हणायचं नाही.

वेळ संपत आली, पण चिठ्ठ्या आल्या आहेत, दोन-तीन घेतो.

"नवा सांधा किती वर्षं टिकतो?" २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. शंभरांतले साधारण ५८ सांधे २५ वर्षं टिकतात. हा आकडा पुष्कळ वर्षांपूर्वी बसवलेल्या सांध्यांचा आहे. बाहत्तराव्या वर्षी बसवलेला आमचा सांधा आम्हाला पुरून उरेल असा आमचा अंदाज आहे. पस्तिशीतल्या मुलाने मात्र हा प्रश्न दोनदा विचारावा.

"दोन्ही पाय सारख्या लांबीचे होतात का?" बहुतेक होतात. थोडा फरक राहू शकतो, आणि सुरुवातीला तो असल्यापेक्षा जास्त वाटतो. आमचा पाच-सहा मिलिमीटर आहे. चपलेत तळवा घातला, संपलं.

"स्कूटर कधी?" ही चिठ्ठी पुण्यातलीच असणार. आमच्या सर्जननी तीन महिन्यांनी हो म्हटलं. पण पाय फिरवून मागून टांग टाकायची नाही, समोरून पाय घालता येईल अशीच गाडी. आम्ही चालवली, दोन वेळा. मग लक्ष्मी रोडवर एक रिक्षा आडवी आली, आम्ही उजवा पाय टेकवला, पाय टिकला. घरी येऊन किल्ली सुनेला दिली. सर्जनने नाही म्हटलेलं नाही, हे आमचं आम्ही ठरवलं आहे.

शेवटची. अक्षर थरथरतं आहे. "वय ८१. मुलगा म्हणतो करा, मला भीती वाटते. काय करू?" आजी, तुम्ही कुठे बसला आहात? हां, दिसलात. खाली उतरतो, जरा थांबा. तुम्हाला परत काय काय करायचं आहे, ते आधी मला सांगा.